रेसमध्ये हरलो, तरी कर कशाचा?

निपाणीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून पत्राचा गाभा तेवढा देतो.

“मा. वकीलसाहेब, सादर नमस्कार. माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. वय ५२. घोड्यांचा नाद वडिलांपासूनचा. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स. यंदा नोव्हेंबर ते मार्च या काळात तिकिटांवर, टॅक्ससकट, १,२०,००० रुपये घातले. सगळं वहीत लिहिलंय. एक जॅकपॉट लागला, ६४,००० चा, पण हातात ४४,८०० च पडले. बाकी बारीकसारीक मिळून ११,००० आले. म्हणजे एकूण तोटाच. मग १९,२०० कापले कशाचे? दुकानाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत आहे. मुलगा म्हणतो, आता १२ लाखांपर्यंत कर नाही, रिटर्न भरलं की कापलेले परत मिळतील. एक मित्र म्हणतो, सुप्रीम कोर्टानं रेसला कौशल्याचा खेळ म्हटलंय, त्यावर लॉटरीसारखा कर लागूच शकत नाही. बेंगळूरला खेळलं तर कमी कापतात का? पुढच्या वेळी तिकीट आईच्या नावावर दाखवलं तर चालेल का? बाजारात एक ओळखीचा माणूस फोनवर बेटिंग घेतो. टॅक्स नाही, कट नाही, हिशेब आठवड्यानं. त्याच्याकडं जावं असं मनात येतंय. मधे पैसे कमी पडले म्हणून पतसंस्थेत मंडळींच्या पाटल्या तारण ठेवून ६०,००० काढलेत. हंगाम चांगला गेला की सोडवीन. घरी अजून माहीत नाही.”

अण्णा, नमस्कार.

तुम्ही वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत. रेस खेळणारे बहुतेक जण जिंकलेलं लक्षात ठेवतात, घातलेलं विसरतात. तुमचे आकडे समोर असल्यामुळं मला गोलमाल बोलावं लागणार नाही. तेच आकडे घेऊन बसू.

आधी मुलाच्या म्हणण्याचं उत्तर, कारण तुम्ही त्याच आशेवर आहात. कापलेले १९,२०० परत मिळणार नाहीत. उलट आणखी भरावे लागतील. घोड्यांच्या शर्यतीतली जिंकलेली रक्कम आयकर कायद्यात वेगळी काढून ठेवली आहे. १९६१ च्या कायद्याचं कलम ११५बीबी म्हणतं की लॉटरी, शब्दकोडी, पत्ते, घोड्यांच्या शर्यती यांतून आलेल्या पैशावर सरसकट ३० टक्के कर. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. तुमचं दुकानाचं उत्पन्न दोन लाख असो की वीस लाख, या पैशाचा दर तोच. मूळ करमुक्त मर्यादा याला लागत नाही. १२ लाखांपर्यंत जी सवलत मिळते ती कराच्या नेहमीच्या टप्प्यांवरची आहे, अशा खास दराच्या उत्पन्नाला ती मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण तुमचा मार्चअखेरपर्यंतचा हिशेब जुन्याच कायद्यानं होईल.

तोटा वजा का होत नाही, हा तुमचा खरा प्रश्न. कायद्यानं तो दरवाजाच बंद केला आहे. कलम ५८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अशा कमाईतून कुठलाही खर्च वजा करता येणार नाही. हरलेली तिकिटं नाहीत, महालक्ष्मीला जायचं भाडं नाही, रेसच्या पुस्तकाचे पैसेही नाहीत. अपवाद आहे तो शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या मालकांसाठी, तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी नाही. म्हणजे सरकार तुमच्या वहीचं एकच पान वाचतं, जमेचं. खर्चाच्या पानाशी त्याला कर्तव्य नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि इतकी वर्षं लोकांची रिटर्नं भरून देताना ते वाटणं कमी झालेलं नाही. दुकानात वर्षाचा तोटा झाला तर कायदा तो मान्य करतो, पुढच्या वर्षांत ओढूही देतो. इथं मात्र जिंकलेला प्रत्येक रुपया नफा धरला जातो.

आता बारीकसारीक ११,००० कडं वळू. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, फक्त तेव्हाच कापला जातो जेव्हा एका व्यवहारात १०,००० च्या वर रक्कम लागते. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा एकेका व्यवहाराला लागू आहे. तुमच्या लहान तिकिटांवर काही कापलं नाही म्हणून ते पैसे करमुक्त झाले असं नाही. तेही धरायचे. म्हणजे ६४,००० अधिक ११,०००, एकूण ७५,०००. त्याचे ३० टक्के २२,५००, उपकर ९००, मिळून २३,४००. रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबनं १९,२०० कापलेत, राहिले ४,२००. ते रिटर्न भरण्याआधी तुम्हाला स्वतः भरायचे आहेत.

इथपर्यंत आयकर झाला. पण अण्णा, तुमचा जास्त पैसा गेला तो याच्याही आधी, तिकीट घेताना. आणि त्याकडं बहुतेकांचं लक्ष नसतं, कारण तो कापून घेतल्यासारखा दिसत नाही.

रेसकोर्सवर पैसे लावायच्या दोन तऱ्हा. एक टोट, दुसरी क्लबनं परवाना दिलेला बुकी. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमतात. त्यातून क्लब आपला हिस्सा आधी बाजूला काढतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणून तुम्ही तिथं घोड्याशी किंवा क्लबशी नाही, बाकीच्या खेळणाऱ्यांशी खेळत असता. लाभांश, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळायची रक्कम, दहा रुपयांच्या तिकिटामागं जाहीर होतो आणि वरचे सुटे पैसे खाली ओढले जातात, तेही जिंकणाऱ्याच्या हिश्श्यातूनच जातं. हिस्सा किती टक्के हे पूलप्रमाणं वेगळं असतं. विन (पहिला येणारा घोडा ओळखायचा) आणि प्लेस (पहिल्या काहींत येणारा) यांत साधारण कमी, जॅकपॉट (ओळीनं अनेक शर्यतींचे विजेते), तानाला (पहिले तीन घोडे क्रमानं) अशा अवघड पूलमध्ये जास्त. आणि आपल्या माणसांना ओढ नेमकी जॅकपॉटची.

बुकीचा कट कुठं लिहिलेला नसतो, तो भावातच मुरलेला असतो. समजा पाच घोडे अगदी बरोबरीचे आहेत. पाच जणांनी पाच घोड्यांवर शंभर-शंभर लावले. प्रामाणिक भावानं जिंकणाऱ्याला मूळ शंभर धरून पाचशे मिळायला हवेत. बुकी भाव असा ठेवतो की त्याला चारशे मिळतील. घोडा कुठलाही येवो, शंभर बुकीच्या खिशात. तुम्हाला वाटतं तुमचा घोडा हरला म्हणून पैसे गेले, पण जिंकणाऱ्याचेही गेलेच, त्याला ते कळलं नाही एवढंच.

याच्यावर बसतो जीएसटी. १ जुलै २०१७ ला तो आला तेव्हा राज्यांचे बेटिंगवरचे वेगवेगळे कर त्यात विरघळले आणि दर झाला २८ टक्के. दरापेक्षाही मोठी गोष्ट ही की हा कर क्लबच्या कमाईवर नाही, तुम्ही लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. शंभर लावले की २८. यावर आपल्याच राज्यात मोठा खटला झाला. बेंगळूर टर्फ क्लब कोर्टात गेला आणि जून २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं म्हटलं की टोटमधला पैसा क्लबचा नसतोच, तो थोडा वेळ विश्वस्तासारखा त्यांच्या हाती असतो, म्हणून कर कमिशनवर लागावा, पूर्ण रकमेवर नाही. माझ्या मते तो निकाल शहाणपणाचा होता. पण २०२३ मध्ये जीएसटी परिषदेनं पूर्ण रकमेवरच कर घ्यायचं ठरवलं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा तसा दुरुस्त झाला. मग सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत दर वाढवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतीवर ४० टक्के. तुमचा सगळा हंगाम या ४० टक्क्यांतला आहे.

फरक किती पडतो ते बघा. क्लबचा हिस्सा शंभरात वीस धरू, हिशेबाला सोपं म्हणून. कर फक्त त्या विसावर लागला असता तर ४० टक्क्यांनी आठ रुपये झाले असते. पूर्ण रकमेवर लागतो म्हणून चाळीस होतात. तिकिटाच्या किमतीवर चढवला काय किंवा पूलमधून वळता केला काय, खिसा खेळणाऱ्याचाच रिकामा होतो. सगळे खेळणारे मिळून १४० रुपये घालतात आणि सगळे मिळून ८० परत नेतात. नुसतं बरोबरीत सुटायचं असेल तरी तुम्हाला शंभराच्या तिकिटामागं १४० परत यायला हवेत, जिथं सरासरी माणसाला ८० येतात. म्हणजे बाकीच्या पंटरांपेक्षा पाऊणपट सरस असायला हवं, आणि तेही एका रविवारी नाही, पूर्ण हंगामभर. आयकर अजून यात धरलेलाच नाही. घोडा, जॉकी, ट्रेनर, मैदानाची ओल सगळं तोंडपाठ असलेला माणूससुद्धा हे करू शकत नाही.

आता हेच गणित तुमच्या वहीला लावतो. करासकट १,२०,००० घातलेत, म्हणजे खरी लावलेली रक्कम साधारण ८५,७१४ आणि जीएसटी ३४,२८६. परत आले ७५,०००. शंभराला साडेसत्त्याऐंशी. वर धरलेल्या ऐंशीशी ताडून बघा, अण्णा, तुम्ही सरासरी माणसापेक्षा चांगले खेळलात. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला बैलजोडी घेऊन जाणाऱ्या या मुलुखात जनावर पारखायची नजर पुष्कळांना असते, ती तुमच्याकडं आहे असं दिसतंय. तुम्ही घोडा ओळखण्यात कमी पडला नाहीत. आयकरासकट तुमचा एकूण तोटा ६८,४०० रुपये. त्यातले ५७,६८६ रुपये निव्वळ कर आहेत. मैदानावर, क्लबच्या कटासकट, तुम्ही हरलात फक्त १०,७१४.

हे मी तुम्हाला धीर द्यायला सांगत नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की आणखी नीट अभ्यास केला, चांगली टिप मिळाली, तर पुढचा हंगाम भरून काढेल. तसं होणार नाही, कारण तुमचा तोटा अभ्यास कमी पडल्यानं झालेला नाही. जितकं जास्त लावाल तितका कर जास्त, आणि जिंकाल तर त्याच्यावर आणखी ३१.२ टक्के.

कौशल्याच्या खेळाबद्दल तुमचे मित्र अर्धं खरं बोलतात. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं तामिळनाडूच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, असं सांगितलं. त्या निकालामुळं परवानगी असलेल्या रेसकोर्सवर पैसे लावणं गुन्हा ठरत नाही. पण कराचा संबंध त्याच्याशी नाही. आयकर कायदा घोड्यांच्या शर्यतीचं नाव घेऊनच कर लावतो, जीएसटीही तसंच. कौशल्य सिद्ध करून दर कमी होत नाही.

बेंगळूरचं विचारलंत ते आपल्या भागाला साजेसं आहे. आपण सीमेवरची माणसं. कोगनोळीच्या अलीकडं पेट्रोल स्वस्त म्हणून कोल्हापूरच्या गाड्या इकडं येऊन टाकी भरतात, हे रोज बघतो. त्यामुळं इकडं एक दर, तिकडं एक, असं वाटणं साहजिक आहे. २०१७ पूर्वी बेटिंगवर राज्याचा आपापला कर होता तेव्हा त्यात तथ्य होतं. आता महालक्ष्मी, पुणे, बेंगळूर, म्हैसूर, चारही ठिकाणी जीएसटी ४० टक्केच आणि आयकर तर देशभर एकच. क्लबच्या कटात थोडं इकडंतिकडं असेल, पण त्यासाठी निपाणीहून बेंगळूरपर्यंतचं भाडं घालायचं कारण नाही.

आईच्या नावाचं करू नका. पैसे तुमचे, तिकीट तुमचं, मग उत्पन्नही तुमचंच. ज्येष्ठ नागरिकांनी बँकेच्या व्याजासाठी द्यायचा पंधरा एच फॉर्म इथं चालत नाही, त्यामुळं कापायचे ते कापलेच जातील. आणि उद्या नोटीस आली तर ती त्या माउलीच्या नावानं येईल.

आता फोनवाल्या माणसाबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कर वाढल्यापासून माझ्याकडं येणाऱ्या लोकांत हाच प्रश्न वाढलाय, आणि विचारणारे सगळे तुमच्यासारखेच संसारी, कष्टाळू लोक असतात. पूर्ण रकमेवर ४० टक्के कर लावून सरकारनं लोकांना रेसपासून दूर केलं असं मला दिसत नाही. त्यांना तिकिटाच्या खिडकीवरून फोनवर ढकललंय. खिडकीवरची गर्दी आटली की कर बुडतो, क्लबचं उत्पन्न घटतं आणि फटका बसतो तो घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला, रोजंदारीवर राबणाऱ्याला. धोरण चुकलंय असं मी उघड म्हणतो. पण धोरण चुकलं म्हणून तो माणूस बरोबर ठरत नाही.

रेसकोर्सबाहेर असं पैसे घेणं कर्नाटकात १९६३ च्या पोलीस कायद्याखाली आणि महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदीचा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. धाड पडली की त्याच्या वहीत तुमचं नाव सापडतं. जिंकलात तर पावती नाही, तो देईल तेव्हा घ्यायचं, आणि दिलंच नाही तर तक्रार कुणाकडं करणार? त्याच्याकडून आलेला पैसाही कायद्यानं करपात्रच आहे, बँकेत भरलात की विचारणा होऊ शकते. कट नाही हेही खरं नाही. तो भाव कुठला देतो ते वर सांगितलेल्या पाच घोड्यांच्या हिशेबानं तपासा, कट तिथंच सापडेल.

आणि या सगळ्याहून मला भीती वाटते ती ‘हिशेब आठवड्यानं’ या शब्दांची. खिडकीवर रोख द्यावी लागते, खिशातलं संपलं की माणूस घरी येतो. फोनवर खिसा संपतच नाही. शनिवारी हरलेलं रविवारी भरून काढू म्हणून दुप्पट लावलं जातं आणि सोमवारी जो आकडा समोर येतो तो आधी कधी ठरवलेला नसतो. दुकान, प्लॉट, शेताचा तुकडा गेलेली कागदपत्रं माझ्या टेबलावर आलेली आहेत, आणि ती तिकिटाच्या खिडकीमुळं गेलेली नव्हती, उधारीमुळं गेली होती. त्या माणसाचा नंबर आजच काढून टाका.

पाटल्या. पत्रात तुम्ही हे शेवटी एका वाक्यात लिहिलंत. मला विचाराल तर सगळ्या पत्रात हेच तातडीचं आहे. हंगामातून त्या सुटणार नाहीत, हे तुमच्याच वहीनं दाखवलं. पतसंस्थेचं व्याज दर महिन्याला चढतंय. खरीप तोंडावर आहे, दुकानात पैसा फिरेल तेव्हा पहिली रक्कम तिथं जाऊ दे. जमल्यास हप्त्यानं थोडं थोडं मुद्दल फेडत राहा, पतसंस्थेत विचारा, बहुतेक ठिकाणी घेतात. पावसाळ्यातला पुण्याचा हंगाम यंदा सोडा, पूर्ण सोडा. पाटल्या कपाटात परत येईपर्यंत एकही तिकीट नको. त्यानंतरही जायची इच्छा राहिली तर जा, घोडे बघायला जा, पण घरच्यांना सांगून ठरवलेली रक्कम रोख खिशात घ्या आणि ती खर्चच आहे असं समजा, सिनेमाच्या तिकिटासारखी. परत आली तर वरकमाई.

न जाता राहवत नसेल, हरलेलं भरून काढायचा विचार झोपू देत नसेल, तर तो हिशेबाचा प्रश्न नाही आणि वकिलाकडं त्याचं औषध नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही. बेळगावात बिम्सच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथं जाण्यात कमीपणा नाही. ज्याचा हिशेब वहीत इतका स्वच्छ आहे त्यानं ही मदत घ्यायला लाजू नये असं मला मनापासून वाटतं.

रिटर्नचं सांगून थांबतो. तुम्ही छोट्या दुकानदारांचा सुगम, म्हणजे आयटीआर चार भरत असाल. या वर्षी तो चालणार नाही, रेसची कमाई त्यात दाखवता येत नाही. तुम्हाला आयटीआर तीन भरावा लागेल. क्लबनं कापलेले १९,२०० तुमच्या पॅनवर दिसतात का ते आयकर विभागाच्या साइटवर सव्वीस एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या पत्रकात, मुलाला बघायला सांगा, आणि टीडीएसचं प्रमाणपत्र क्लबकडून मागून घ्या. ११,००० लपवू नका. उरलेले ४,२०० चलनानं भरा, उशीर झाला तर थोडं व्याज लागेल. ही कागदं घेऊन मुलाबरोबर तुमच्या हिशेबनिसाकडं जाल तेव्हा पतसंस्थेच्या तारण कर्जाचा विषय तिथं निघणारच. मंडळींना तो मुलाकडून कळू नये. त्याआधी तुम्हीच बसून सांगा, वही समोर ठेवून.